नको असलेले फोन : तुमच्या घरी कुठली युक्ती चालली?

नौपाडा, ठाणे
कर्ज हवंय का, कार्ड घ्या, घोडबंदरला टू बीएचके बघायला या! दिवसभर हेच, आणि घरात वयस्कर माणसं असली की दर फोनला त्यांना उठावं लागतं. चिडून फोन ठेवण्यापलीकडे कुणाला काही उपाय सापडला असेल तर जरूर लिहा. सुरुवात मी करते. मी समोरच्याला पुढे बोलू देत नाही, आधी दोन प्रश्न विचारते : "कंपनीचं पूर्ण नाव काय? माझा नंबर कुठून मिळाला?" उत्तर मिळेपर्यंत तेच, शांतपणे, मराठीत. बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नालाच फोन ठेवतात. जे नाव सांगतात ते तारीख आणि नंबरासकट वहीत जातं.

घोडबंदर रोड
ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःच शोधलं. लकी ड्रॉचं कूपन, घरांचं प्रदर्शन, जिमची चौकशी, जिथे जिथे फॉर्म भरायचा तिथे वडिलांच्या नावाचं अक्षर मी वेगळं लिहायचो आणि कुठे कुठलं दिलं ते टिपून ठेवायचो. एक दिवस विम्याचा फोन आला, आणि बाईंनी नाव घेतलं ते 'झेड' लावून! ते अक्षर मी फक्त एका सॅम्पल फ्लॅटच्या रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. त्या साइट ऑफिसात गेलो, नोंद दाखवली, नंबर काढून टाका असं लेखी दिलं आणि पोच घेतली. 'झेड'च्या नावाने पुन्हा फोन नाही. आता असल्या ठिकाणी दुसऱ्या सिमचा नंबर देतो. ते सिम जुन्या साध्या फोनमध्ये आहे आणि फोन एरवी बंद असतो.

कळवा
माझी मावशी "थांबा हं, यांना बोलावते" म्हणते, फोन मिक्सरशेजारी ठेवते आणि चटणी वाटायला घेते.

ऐरोली
मी काही वर्षं कॉल सेंटरला काम केलंय, म्हणून आतली गोष्ट सांगतो. "आत्ता बिझी आहे, नंतर करा" हे कधीच म्हणू नका. एजंट त्याची 'कॉलबॅक' अशी नोंद करतो आणि यंत्रणा तुमचा नंबर पुन्हा लावते. स्पष्ट सांगा : "मला नको आहे, माझा नंबर यादीतून काढा." त्यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळी नोंद असते. उचलल्यावर क्षणभर पलीकडे शांतता असेल तर तो डायलर. एकाच वेळी अनेक नंबर लावून जो उचलेल तो एजंटकडे वळवतात, त्यात तेवढा वेळ जातो. तेव्हाच ठेवून द्या. आणि कळकळीने सांगतो, त्या पोरांना शिव्या देऊ नका. टार्गेटवर पगार ठरतो त्यांचा. मावशींच्या मिक्सरचा भुर्दंडही त्यांनाच पडतो, कंपनीला नाही.

वाशी
कंपनीला भुर्दंड पडतो तो तक्रारीने. आधी १९०९ ला एसएमएस करा : इंग्रजीत स्टार्ट, जागा सोडून शून्य. ही झाली डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) नोंदणी, याने सगळ्या जाहिराती बंद होतात. फक्त मालमत्तेचे किंवा फक्त बँक-विम्याचे बंद करायचे असतील तर तशी वर्गवार सोयही आहे. पण कुठल्या ॲपला तुम्ही स्वतः संमती दिली असेल तर त्यांचे फोन येत राहतात, ती संमती वेगळी काढावी लागते. जाहिरातीच्या अधिकृत फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आहेत. साध्या दहा अंकी मोबाइलवरून विक्रीचा फोन आला की तो नियमाबाहेरचा, आणि त्याची तक्रार डीएनडी नोंदणी नसली तरी करता येते. पूर्वी तीन दिवसांत करावी लागे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम बदलले, तेव्हापासून सात दिवस मिळतात. आणि अशा नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई होते. म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर नंबर टाकतो. ज्यांना ज्यांना त्याच नंबरवरून फोन आलाय ते सगळे तक्रार करतात. एकट्याने वैतागण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नेरूळ
आईच्या मोबाइलवर अनोळखी नंबर वाजतच नाहीत, तशी सेटिंग केली आहे. त्याआधी एक संध्याकाळ बसून दवाखाना, केमिस्ट, गॅसवाला, वॉचमन केबिन, भाजीवाले मामा, सगळे नंबर नावानिशी साठवले. ते केल्याशिवाय ही सेटिंग लावू नका, गरजेचा फोन चुकेल. रात्री मी मिस्ड कॉल बघते.

खारघर
कृपया विक्रीचे फोन आणि फसवणुकीचे फोन वेगळे धरा. "पोलीस बोलतोय, डिजिटल अटक झाली आहे" असं कुणी म्हणालं तर एकही युक्ती लढवू नका, गंमत म्हणूनही बोलत बसू नका. अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवा आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू' सोयीत नोंदवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. वडीलमाणसांच्या फोनजवळ हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

कोपरी, ठाणे पूर्व
आमच्याकडे अजून लँडलाइन आहे, तिचं काय?

वाशी
काका, तिथूनच १९०९ फिरवा, लँडलाइनचीही नोंदणी होते. नोंदणी क्रमांक देतील तो लिहून घ्या.