मदत हवी आहे: 'तिकीट टू राइड'चा कोणता संच घ्यावा?

मंडळी, दिवाळीत भाचेकंपनी येणार आहे. मोठा दहाचा, धाकटी सातची, आणि पत्ते म्हटलं की आई हटत नाही. मोबाइल बाजूला ठेवून सगळे बसतील म्हणून 'तिकीट टू राइड' मनात आहे, म्हणजे पत्ते जमवून नकाशावर शहरं रेल्वेमार्गांनी जोडायचा बोर्डगेम.

मूळ संच (२००४) अमेरिकेच्या नकाशाचा. युरोपच्या संचात बोगदे, फेरीबोटी आणि स्टेशनं आहेत. बोगद्यात ऐनवेळी जादा पत्ते मोजावे लागू शकतात, तिथे धाकटी रडणार हे नक्की! पण अडलात तर स्टेशन ठेवून दुसऱ्याचा मार्ग वापरता येतो, ते मला आवडलं.

खरा जीव अडकलाय भारताच्या नकाशात. १९११ सालचं रेल्वेजाळं, आणि तिकिटातली (म्हणजे जोडायला दिलेली) दोन शहरं दोन वेगळ्या मार्गांनी जोडली तर जादा गुण. मात्र तो नुसता नकाशा आहे. रेल्वेचे डबे आणि पत्त्यांसाठी आधी मूळ किंवा युरोपचा संच लागतोच. शिवाय खेळाडू जास्तीत जास्त चार.

तर प्रश्न असा: पुढे भारताचा नकाशा घ्यायचाच आहे, तर पाया म्हणून अमेरिका की युरोप? सात वर्षांच्या मुलीला हे झेपेल, की तिच्यासाठी 'फर्स्ट जर्नी' हा लहान मुलांचा सोपा संच वेगळा घ्यावा? लहान मुलांबरोबर खेळलेल्यांनी सांगा. पुण्यात कुणाकडे सेकंडहँड असेल तर तेही कळवा.