डोक्याला मार लागल्यानंतर गोलरक्षक पुन्हा पुढे कसा येतो? पेट्र चेकच्या कारकिर्दीविषयी प्रश्न

रंकाळाकाठ

नमस्कार. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि गेली चार वर्षे कोल्हापुरात फुटबॉलमध्ये गोलरक्षक म्हणून खेळते. चार महिन्यांपूर्वी एका शालेय स्पर्धेत सुटलेल्या चेंडूवर ती झेपावली आणि समोरून धावत आलेल्या मुलीचा गुडघा तिच्या कपाळावर आदळला. हाड मोडले नाही, परंतु तिला कन्कशन, म्हणजे धक्क्यामुळे मेंदूला होणारी इजा, झाले होते. मैदानावर रुग्णवाहिका नसल्यामुळे आम्ही तिला रिक्षातून दवाखान्यात नेले. आता डॉक्टरांनी खेळण्याची परवानगी दिली आहे आणि ती रोज सरावाला जाते. लांबून मारलेले फटके ती पूर्वीइतकेच चांगले अडवते. कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेला चेंडू, आला मात्र की तिचे पाय गोलरेषेला खिळतात, आणि सहा यार्डांच्या चौकटीत हाताच्या अंतरावर पडणारा चेंडूसुद्धा ती नुसता पाहत राहते.

तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर काळे शिरस्त्राण घातलेल्या पेट्र चेक या चेक प्रजासत्ताकाच्या गोलरक्षकाचे चित्र आहे. परवा ती मला म्हणाली, "बाबा, मला तसलं हेल्मेट आणून द्या, मग मी पुढे जाईन." चेकच्या कवटीला मार लागला होता एवढेच मला माहीत आहे. त्या दुखापतीनंतर तो खरोखर पूर्वीसारखा खेळला का, आणि त्याचे श्रेय शिरस्त्राणाला द्यायचे की दुसऱ्या कशाला, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. तिला खोटा धीर देण्याची माझी इच्छा नाही.

थेम्सपार

आपल्या मुलीला लवकर आत्मविश्वास लाभो. चेकची कारकीर्द मी बरीच जवळून पाहिली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

चेकचा जन्म २० मे १९८२ रोजी प्लझेन येथे झाला. लहानपणी तो आघाडीला खेळत असे. दहाव्या वर्षी पाय मोडल्यावर तो गोलमध्ये उभा राहिला, म्हणजे गोलरक्षक म्हणून त्याचा आरंभच एका दुखापतीतून झाला, हे आपल्या मुलीला अवश्य सांगा. ब्लशानी, स्पार्टा प्राग आणि फ्रान्समधील रेन असा प्रवास करून तो २००४ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील चेल्सी संघात आला. पहिल्याच हंगामात चेल्सीने लीगच्या ३८ सामन्यांत केवळ १५ गोल स्वीकारले आणि चेकने २४ क्लीन शीट राखल्या, म्हणजे २४ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. त्याच हंगामात सलग १,०२५ मिनिटे त्याच्यावर लीगमध्ये एकही गोल झाला नाही.

१४ ऑक्टोबर २००६ रोजी रेडिंग संघाच्या मैदानावर, सामना सुरू होऊन एक मिनिटही झाले नसताना, चेंडू ताब्यात घेण्यासाठी तो खाली घसरला आणि रेडिंगच्या स्टीफन हंटचा गुडघा त्याच्या डोक्यावर आदळला. कवटीचे हाड आत दबले होते. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून तेथे धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. त्याच सामन्यात बदली गोलरक्षक कार्लो कुदिचिनीही डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला आणि शेवटची काही मिनिटे बचावपटू जॉन टेरीला गोल सांभाळावा लागला. या घटनेनंतर प्रीमियर लीगने प्रत्येक सामन्याला केवळ खेळाडूंसाठी राखीव रुग्णवाहिका सक्तीची केली. आपण रिक्षाचा उल्लेख केला आहे म्हणून हे मुद्दाम लिहिले. इतक्या श्रीमंत लीगलाही ही गोष्ट सुचायला एका खेळाडूचा जीव धोक्यात यावा लागला.

तीन महिन्यांनी, २० जानेवारी २००७ रोजी, तो रग्बीच्या खेळाडूंसारखे मऊ शिरस्त्राण घालून लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर उतरला. तो सामना चेल्सीने ०-२ असा गमावला. मार्चमध्ये मात्र तो प्रीमियर लीगचा महिन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

तरीही आपल्या मुलीने या साऱ्यापेक्षा १५ जून २००८ चा जिनीव्हातील सामना पाहावा असे मला वाटते. युरो स्पर्धेत चेक प्रजासत्ताक तुर्कस्तानविरुद्ध २-० ने पुढे होते. तुर्कस्तानने एक गोल फेडल्यानंतर, ८७ व्या मिनिटाला उजवीकडून आलेला एक साधा क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर मारलेला चेंडू, पकडण्यासाठी चेक पुढे आला, चेंडू त्याच्या हातांतून निसटला आणि निहातने तो रिकाम्या गोलात ढकलला. दोनच मिनिटांत निहातने तिसरा गोल केला आणि चेक प्रजासत्ताकाचा संघ स्पर्धेबाहेर गेला. शिरस्त्राण डोक्यावर होतेच. क्रॉसला पुढे जाण्याचा धोका त्याने कमी केला नाही, त्या धोक्यासह तो आणखी अकरा वर्षे खेळला.

फिजिओ, पुणे

शिरस्त्राणाविषयी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी, कारण पालकांचा येथे वारंवार गैरसमज होतो. चेकच्या डोक्यावरील आवरण शस्त्रक्रिया झालेल्या हाडाला थेट मार लागू नये यासाठी होते. कन्कशनमध्ये धक्क्यामुळे मेंदू कवटीच्या आत हलतो, आणि मऊ आवरणाने ते टळते असे धरून चालता येत नाही. आपल्या मुलीच्या हाडाला इजा नव्हती, त्यामुळे तिला शिरस्त्राण द्यायचेच असेल तर मनाच्या आधारासाठी द्या, परंतु आता आपल्याला काही होणार नाही असे तिला वाटू देऊ नका.

डोके दुखणे, उजेड सहन न होणे, वाचताना अक्षरे हलल्यासारखी वाटणे, झोप बिघडणे यांपैकी काहीही पुन्हा दिसले, तर त्याच दिवशी सराव थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. खेळताना पुन्हा मार लागल्याचा संशय जरी आला, तरी त्या दिवशी तिला मैदानावर परत पाठवू नये, मग प्रशिक्षक काहीही म्हणोत.

जुना गोलकीपर

मी कोल्हापुरातच तालमीच्या संघाकडून बारा वर्षे गोलमध्ये उभा राहिलो आणि आता लहान मुलांना शिकवतो. आपण वर्णन केलेले दृश्य माझ्या ओळखीचे आहे. मलाही एकदा बरगडीला लाथ बसली होती आणि पुढचे दोन महिने माझे पाय असेच रेषेवर राहत असत.

माझा अनुभव असा की, भीती गेल्यावर गोलरक्षक पुढे येत नाही, पुढे येण्याची रीत अंगात पुन्हा मुरली की भीती मागे पडते. म्हणून तिला "घाबरू नकोस" असे सांगू नका. सुरुवातीला मैदानावर दुसरा कोणीच नको. आपण स्वतः कॉर्नरच्या झेंड्यापाशी न जाता दहा पावलांवरून हाताने चेंडू उंच टाका. तिने "कीपर" अशी मोठ्याने हाक द्यायची, एका पायावर उडी घ्यायची, समोरच्या खेळाडूच्या बाजूचा गुडघा छातीकडे उचलायचा आणि चेंडू कपाळाच्या वर, हात पूर्ण ताणून पकडायचा. गुडघा उचलला की समोरचा खेळाडू आपोआप अंतर राखतो. हाक दिली की आपले बचावपटू बाजूला होतात. ही हाक मनापासून यायला हवी. पुटपुटलेली हाक तीन यार्डांवरच्या बचावपटूलाही ऐकू जात नाही, आणि कित्येक टकरी त्यामुळेच होतात.

हे आठ-दहा दिवस नीट जमले की मग एक मुलगी शेजारी नुसती उभी करा, पुढे तीच मुलगी उडी मारेल, त्यानंतर दोन मुली. गर्दी असेल तेव्हा पकडण्याचा हट्ट नको, दोन्ही मुठी जोडून चेंडू बाजूला ठोसावा. एकास एक प्रसंगात डोके पुढे घालून पायांत शिरण्याची सवय असेल, तर ती आताच मोडा. कुशीवर पसरून हात चेंडूकडे, छाती चेंडूसमोर आणि डोके हातांच्या मागे, असे अडवायला शिकवा. थेम्सपार यांनी सांगितलेल्या रेडिंगच्या सामन्यातही चेंडू जमिनीवरच होता, उंच नव्हता.

चेंडूफळी

वरील सगळे मान्य आहे, पण "तो पूर्वीसारखा खेळला का" या मूळ प्रश्नाचे उत्तर अर्धेच दिले गेले असे मला वाटते. २००४-०५ चा तो हंगाम त्याला पुन्हा कधीच जुळवता आला नाही. तो वेगळ्या रीतीने मोठा झाला, आणि माझ्या मते ही दुसरी कारकीर्द अधिक मोलाची आहे.

१९ मे २०१२ रोजी म्युनिकमध्ये जर्मनीच्या बायर्न संघाविरुद्धचा, युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना घ्या. जादा वेळेत त्याने रॉबेनची पेनल्टी अडवली, नंतरच्या पेनल्टी शूटआउटमध्ये ओलिचची अडवली आणि श्वाइनश्टायगरच्या फटक्याला बोटे लावून तो खांबावर घालवला. बायर्नने एकूण सहा पेनल्टी मारल्या आणि सहाही वेळा तो योग्य बाजूला झेपावला. हे नशीब नव्हते, कारण २००७ पासूनच्या बायर्नच्या पेनल्टींची चित्रफीत तो आधी बसून पाहून आला होता. दुखापतीनंतर शरीराइतकाच डोक्याने खेळणारा गोलरक्षक घडला तो असा.

आणि कारकीर्दच म्हणायची तर २०१४ विसरू नये. संघात गोलरक्षकाची जागा एकच असते. तरुण गोलरक्षक तिबो कुर्त्वा चेल्सीत परत आला आणि दहा वर्षे त्या जागेवर असलेला चेक बाकावर बसला. वर्षभर त्याने ते निभावले, २०१५ मध्ये आर्सेनलला गेला आणि पुढच्याच हंगामात, सर्वाधिक क्लीन शीटसाठी मिळणारा गोल्डन ग्लोव्ह चौथ्यांदा मिळवला. २०१९ मध्ये थांबला तेव्हा प्रीमियर लीगमध्ये त्याच्या नावावर २०२ क्लीन शीट होत्या. त्याच वर्षी तो गिल्डफर्ड येथील एका आइस हॉकी संघाकडून पुन्हा गोलमध्ये उभा राहिला आणि पहिल्याच सामन्यात सामनावीर ठरला. ज्या माणसाच्या कवटीत पट्ट्या आहेत, त्याला निवृत्तीनंतरही गोलचीच जागा हवीशी वाटली, ही गोष्ट मला फार हलवून जाते.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. जिनीव्हातील सामन्याची चित्रफीत आम्ही दोघांनी मिळून पाहिली. चेंडू निसटल्यावर तिने ती थांबवली, मागे नेली आणि त्याचे पाय पाहिले. "बाबा, तो आला होता, त्याचा निर्णय चुकला नव्हता, फक्त हात चुकले," असे ती म्हणाली.

गेले बारा दिवस जुना गोलकीपर यांनी सांगितल्याप्रमाणे मी हाताने चेंडू टाकतो आहे. पहिल्या दोन दिवशी हाक निघतच नव्हती. काल तिची मैत्रीण शेजारी उडी मारत होती. पाचव्या चेंडूला माझी मुलगी "कीपर" म्हणून इतक्या जोरात ओरडली की पलीकडे क्रिकेट खेळणारी मुले थांबून पाहू लागली. चेंडू हातात राहिला नाही, मुठींना लागून बाहेर गेला, पण ती रेषेपासून चार पावले पुढे होती. शिरस्त्राण अजून घेतलेले नाही. परवा तिला त्याविषयी विचारले, तर म्हणाली की आधी कुशीवर अडवायचे शिकते, मग बघू.