मोफत अपग्रेड सहा महिने 'येतंच आहे', काय करावं? (मराठी डीटीपी, डोंगल, दिवाळी अंक)

नमस्कार मंडळी,

लांबण लागणार आहे, आधीच सांगतो. घाईत असाल तर थेट खालचे तीन प्रश्न वाचा.

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं (संगणकावर छपाईची पानं लावून द्यायचं) दुकान आहे. मी, गल्ला आणि गिऱ्हाइकं सांभाळणारी बायको आणि टायपिंगला एक मुलगी, एवढाच कारभार. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि वर्षाला दोन दिवाळी अंक. छपाई बाहेर होते, मी पीडीएफ करून देतो.

मार्चमध्ये माझा जुना डोंगल (मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर चालायला संगणकाला लावावी लागते ती परवान्याची किल्ली) मेला. २०११ पासूनचा. दर दसऱ्याला कीबोर्डाबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं, त्यामुळे शेवटी शेवटी तो पिवळाच दिसत होता. विक्रेता म्हणाला, दुरुस्ती नाही, नवा परवाना घ्या, १८,५०० रुपये. नवी आवृत्ती येणार हे माझ्या कानावर होतं, म्हणून मी म्हटलं की थांबतो. तर म्हणाला, "थांबताय कशाला? आत्ता घ्या, जूनमध्ये नवी आली की तुम्हाला फ्री." आणि बिलाच्या खाली स्वतःच्या हाताने लिहून दिलं, 'न्यू व्हर्जन फ्री', त्यावर सही आणि शिक्का. मी बापडा खूष.

जूनमध्ये फोन केला तर टेस्टिंग चालू होतं. जुलैत डोंगलचा माल आला नव्हता. ऑगस्टमध्ये "गणपती होऊ द्या". गणपती झाले, आता पितृपंधरवडा चालू आहे आणि परवाचं उत्तर आहे, "दिवाळीच्या आसपास बघू".

इथपर्यंत मी गप्प होतो. सॉफ्टवेअर आहे, होतो उशीर. पण गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातला एक धंदेभाऊ भेटला. त्याने ऑगस्टमध्ये पूर्ण पैसे भरून नवीन आवृत्ती घेतली आणि चार दिवसांत त्याच्या टेबलावर आली! म्हणजे वस्तू तयार आहे. लगेच तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. पलीकडची मुलगी एकदम गोड आवाजात म्हणाली, "सर, ते पेड कस्टमर आहेत. तुमचं फ्रीमध्ये आहे ना."

मग मार्चमध्ये मी काय दिलं, आहेर?

खरी ठसठस इथे आहे. नवी आवृत्ती मिळणार या बोलीवरच मी जुनी घेतली. तिची किंमत त्या साडेअठरा हजारांत आलीच की. पण एकदा का बिलावर 'फ्री' शब्द पडला की आपण गिऱ्हाईक राहत नाही, पंगतीला आगंतुक बसल्यासारखे होतो. वाढतील तेव्हा जेवायचं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला दोन मेल केले. पहिल्याचं उत्तर 'विक्रेत्याशी संपर्क साधा', दुसऱ्याचं उत्तर नाही.

आता अडलंय कुठे ते सांगतो. लेखक मंडळी हल्ली मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतात, म्हणजे सगळा युनिकोडमध्ये (फोन-संगणक सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची सामाईक पद्धत). माझ्या आवृत्तीचे फॉन्ट जुन्या पद्धतीचे. त्यात देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले आहेत, त्यामुळे युनिकोड मजकूर चिकटवला की नुसत्या चौकोनांच्या ओळी दिसतात. उलट माझा मजकूर बाहेर नेला की रोमन अक्षरांची खिचडी. नव्या आवृत्तीत युनिकोड थेट घेता येतं म्हणे. सध्या टायपिंगची मुलगी फोन समोर ठेवून पुन्हा सगळं टाइप करते. एका अंकाची १४४ पानं आहेत.

दुसरं म्हणजे मशीन. जुना संगणक सहाव्या पिढीच्या आय-थ्रीचा, त्यावर विंडोज ११ चढत नाही (इंटेलची आठवी पिढी लागते), आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून नवा संगणक घेतला. त्यावर आत्ताच्या डोंगलचा ड्रायव्हरच (संगणकाला डोंगल ओळखता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम) चालत नाही. तो नवीन आवृत्तीबरोबर येणार. म्हणजे नवा संगणक कव्हर घालून बसलाय आणि जुन्यावर काम चालू आहे.

प्रश्न:
१. लेखी तारीख मिळवायला काय करावं? धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर ग्राहक म्हणून तक्रार करता येते का?
२. विंडोज ११ वर जुन्या आवृत्तीचा डोंगल कुणी चालवलाय का?
३. महिनाअखेर अंक छापायला द्यायचाय. तोवर युनिकोडचं काय करू?

'क्रॅक टाका' (म्हणजे परवाना चुकवून चालणारी चोरटी प्रत वापरा) असा सल्ला कृपया नको. विकत घेतलेल्या वस्तूची चोरी करायला लावू नका.

---

शाईवाला: दादा, दुसऱ्या प्रश्नापुरतं. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'कोअर आयसोलेशन' आहे, त्यात 'मेमरी इंटिग्रिटी' चालू आहे का बघा. ते चालू असलं की विंडोज काही जुने ड्रायव्हर लोडच होऊ देत नाही. अडलेला ड्रायव्हर तिथेच यादीत दिसतो. ते बंद करून रीस्टार्ट केल्यावर माझा डोंगल दिसायला लागला. पण ते संरक्षण आहे, बंद ठेवायचं तर त्या मशीनवर बँकेचं काम करू नका. आणि आधी डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर नवा ड्रायव्हर आहे का ते पाहा. डोंगल सहसा सॉफ्टवेअरवाल्यांचा नसतो, ते तिसऱ्याकडून घेतात. बऱ्याचदा ड्रायव्हर थेट मिळतो, विक्रेत्याची वाट बघायची गरजच नाही.

धागाकर्ता: यादीत नाव दिसलं! बंद न करता आधी ड्रायव्हर शोधतो. सहा महिन्यांत हे एकानेही सांगितलं नाही.

बिनपगारी अधिकारी: एवढं कशाला करताय, इनडिझाइन (पानं लावायचं दुसरं सॉफ्टवेअर) घ्या आणि मोकळे व्हा.

धागाकर्ता: दर महिन्याला भाडं भरून? दोन अंक आणि पत्रिकांवर ते परवडत नाही हो. तरी धन्यवाद.

कोर्टाची पायरी: पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. वकिली करते, पण ही सल्लामसलत फुकट आहे, त्यामुळे उशीर झाला तर बोलायचं नाही. :)

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७). 'व्यापारी हेतूने' घेतलेली वस्तू कायद्याबाहेर, हे खरं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरायची नाही. जुन्या कायद्यातही अशी तरतूद होती आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात ती उलगडून सांगितली. गंमत म्हणजे त्यात टाइपरायटरचं उदाहरण आहे, दुसऱ्यांचं टायपिंग करून देणाऱ्या माणसाचं. तुमचे तर ते आजोबाच! मशीन चालवायला एक-दोन मदतनीस असले म्हणून माणूस ग्राहक राहत नाही असं नाही, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा टायपिंगची मुलगी आड येऊ नये. समोरचा वकील 'दुकान आहे, जीएसटी बिल आहे' असं म्हणणारच. पण तुम्ही स्वतः त्या मशीनवर बसता, हे ठासून सांगायचं.

लगेच ग्राहक आयोगाकडे धावू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तो आयोग नव्हे, आदेश देत नाही. पण तक्रार कंपनीकडे पोचते आणि कधीकधी तेवढ्यानेच फाइल हलते. सोबत स्पीड पोस्टाने नोटीस, विक्रेता आणि कंपनी दोघांना. त्यात फोनची कहाणी नको. बिल क्रमांक, तारीख, रक्कम, बिलावरचा शेरा जसाच्या तसा, आणि 'पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत नवी आवृत्ती द्या, नाहीतर रक्कम परत करा' एवढंच.

त्यानेही नाही झालं तर जिल्हा आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीच्या गावी जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही होते, वकील लागतोच असं नाही.

एक विचारते. तो शेरा बिलाच्या मूळ प्रतीवर आहे की तुमच्याकडे फक्त फोटो आहे?

धागाकर्ता: ताई, मूळ प्रत आहे, फाइलला लावलेली. शिक्का थोडा पुसट झालाय.

कोर्टाची पायरी: आजच स्कॅन करा. आणि त्या धंदेभाऊंच्या बिलाची झेरॉक्स मिळाली तर सोन्याहून पिवळं. वस्तू ऑगस्टमध्ये बाजारात होती, याचा तो पुरावा.

धागाकर्ता: मागून बघतो. तोही त्याच विक्रेत्याकडून माल घेतो, देईल का शंका आहे.

पायथनकाका: तिसरा प्रश्न माझा. मी अशी उलटसुलट रूपांतरं करतो. तुमच्याकडे युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये आणायचंय, ते त्यातल्या त्यात सोपं. तरी दोन ठिकाणी सगळे कन्व्हर्टर घसरतात. पहिला ऱ्हस्व इकार. युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर साठवतात, जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतो तसा आधी. 'किती'मध्ये एक अक्षर उडी मारली की झालं. 'स्थिती'मध्ये अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडून मागे जावं लागतं. कन्व्हर्टर एकच ओलांडतो आणि इकार मध्येच अडकतो. दुसरा रफार, त्याची उडी उलट दिशेला. 'वर्षांचे' या एका शब्दावर कन्व्हर्टर तपासा. काना आणि अनुस्वार ओलांडून रफार नीट बसला तर तो कन्व्हर्टर कामाचा.

आणि मुळातच गडबड असते ती वेगळी. फोनवर लिहिणारे 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' करतात. ते कुठलंही यंत्र सुधारणार नाही, मुद्रितशोधकच लागतो.

खरं सांगू? तुमच्या जागी मी असतो तर हा एक अंक जुन्यात आणलाच नसता. स्क्रायबस हे पानं लावायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं नीट येतात. मजकुराला 'तिरो देवनागरी मराठी', मथळ्यांना 'मुक्ता'. दोन्ही फॉन्ट मोफत.

धागाकर्ता: 'मोफत' शब्दाची आता धास्तीच बसलीय, पण हे मोफत निदान लगेच उतरवता येतं. रात्री एक कथा लावून बघितली, आठ पानं. जोडाक्षरं फुटली नाहीत. फक्त मला सगळं हळूहळू जमतंय. बोटांना जुने शॉर्टकट पाठ आहेत, दर दोन मिनिटांनी भलतंच काहीतरी उघडतंय.

शाईवाला: पीडीएफ काढताना फॉन्ट एम्बेड झालेत का, म्हणजे फाइलमध्येच सामावलेत का, तेवढं बघा. आणि छापखान्याला आधी एक पान पाठवून प्लेट काढायच्या आत विचारा. अंकच्या अंक पाठवू नका.

धागाकर्ता (दोन दिवसांनी): घडामोडी कळवतो. ड्रायव्हर मिळाला. मेमरी इंटिग्रिटी चालू ठेवूनही नव्या मशीनवर डोंगल दिसतोय, त्यामुळे पत्रिकांची काळजी मिटली. १९१५ वर तक्रार नोंदवली, नोटिसा काल पोस्टात टाकल्या. आज विक्रेत्याचा आपणहून फोन. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिकडून आला. "सर, एवढं कशाला केलंत, तुमचं पार्सल निघतंच होतं." मी म्हटलं, पावती क्रमांक द्या. "संध्याकाळी व्हॉट्सॲप करतो."

आता रात्रीचे साडेनऊ झालेत, आलेला नाही.

धंदेभाऊने झेरॉक्स दिली नाही, पण बिलाची तारीख आणि क्रमांक वाचून दाखवला, तो लिहून घेतलाय. ताई, नोटिशीनंतर असा तोंडी निरोप आला तर १५ दिवस मोजायचे ते पत्र पोचल्यापासूनच ना? आणि काका, 'वर्षांचे' बरोबर आलं. 'आर्द्र' फुटतोय. तो कसा धरायचा?