विषय: लेकीला डॉक्टर व्हायचंय, आधीच्या चार वर्षांचं कॉलेज कुठलं?

एडिसनहून (न्यू जर्सी), रविवार रात्र

नमस्कार मंडळी,

कॉलेज पक्कं करायची शेवटची तारीख, १ मे, दारात आलीय आणि घरात दोन तट पडलेत. लेकीला पुढे मेडिकलला जायचंय. हातात दोन कॉलेजं आहेत. एक रटगर्स, न्यू ब्रन्सविक. थोडी स्कॉलरशिप धरून वर्षाला तीस हजार डॉलर. दुसरं बॉस्टनकडचं खाजगी विद्यापीठ, वर्षाला नव्वद हजार. त्याचं नाव ऐकून सासूबाईंनी कोथरूडला सोसायटीत पेढे वाटूनही टाकले. टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आणि न्यूअर्कच्या मेडिकल स्कूलचा सात वर्षांचा जोडकोर्स आहे ना, तिथे मुलाखतीपर्यंत गेली, पण पुढे काही झालं नाही.

आम्ही दोघं पुण्याचे इंजिनियर. बारावीचे मार्क आले, लिस्ट लागली, विषय संपला. इथे म्हणे आधी चार वर्षं काहीतरी शिकायचं, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग परत चार वर्षं. ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, हेच आम्हाला उमगत नाहीये. ज्यांच्या घरात कुणी या वाटेने गेलंय, त्यांनी प्लीज लिहा.

प्रिन्स्टन जंक्शनहून, सोमवार सकाळ

ताई,

मोठं नाव सोडू नका. मी बी. जे.मधून एमबीबीएस करून, इथल्या परीक्षा देऊन थेट रेसिडेन्सीला आलो, त्यामुळे ही मधली चार वर्षं मी केलेली नाहीत, हे कबूल. पण तीस वर्षं हॉस्पिटलांत काढलीत. नावाला वजन असतं. आणि तिला बायॉलॉजीच घ्यायला सांगा, इतर फाटे फोडू नयेत.

पिस्कॅटवेहून, सोमवार, रात्री १ वाजता

डॉक्टरकाका, राग मानू नका. मराठी मंडळाच्या शाळेत तुमच्याच हाताखाली बाराखडी गिरवली, तेव्हा शुद्धलेखनाचे मार्क कापा, पण मुद्द्याचे नको. मी सध्या मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

काकू, आधी बायॉलॉजीचं बोलते. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठलाही चालतो, मी इतिहास घेतला होता. बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, यांच्या लॅब आणि बायोकेमिस्ट्री एवढं केलं की बहुतेक ठिकाणच्या अटी पुऱ्या होतात. एएएमसी, म्हणजे इथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, दरवर्षी तक्ते छापते. त्यांत साहित्य-तत्त्वज्ञानवाल्यांचं प्रवेशाचं प्रमाण बायॉलॉजीवाल्यांपेक्षा कमी दिसत नाही. एपीचं (शाळेतच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांचं) क्रेडिट मात्र काही मेडिकल स्कूल या विषयांसाठी धरत नाहीत, त्यामुळे ‘एपी केमिस्ट्री झालंय, आता सुटलो’ असं तिला वाटू देऊ नका.

आता मार्कांचं. वर्षाला पन्नास हजारांवर मुलं एमडीला (इथे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अर्ज करतात, तेवीस हजारांच्या आसपास आत जातात. आत जाणाऱ्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी, ४पैकी ३.८च्या जवळ असतो आणि एमकॅट ५२८पैकी ५११-५१२. सायन्स-मॅथचा जीपीए वेगळा काढतात. आणि आई-बाबांच्या पिढीला पटत नाही ती गोष्ट म्हणजे इथे केटी सुटली तरी पहिला मार्क पुसला जात नाही. विषय परत दिलात तर अर्जात दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत आपटलेली माझी एक मैत्रीण पुढची तीन वर्षं तो एक सी ग्रेड ओढत होती.

म्हणून नाव बघण्याआधी एक प्रश्न विचारा. कॉलेजवाले टूरला सांगतात, ‘आमची नव्वद टक्के मुलं मेडिकलला लागतात.’ नव्वद टक्के कोणाचे? लातूरच्या क्लासच्या फ्लेक्सवर लागलेल्यांचे फोटो असतात, उरलेल्यांचे कोण छापणार? काही कॉलेजांत प्रीमेडची, म्हणजे मेडिकलची तयारी करणाऱ्या मुलांसाठीची, कमिटी असते आणि ती अर्जाबरोबर पत्र देते. पण ज्याचे मार्क कमी, त्याला ‘या वर्षी थांब’ म्हणतात, किंवा पत्रच देत नाहीत. जो अर्जच करत नाही तो टक्क्यात येत नाही. तेव्हा असं विचारा: पहिल्या वर्षी किती जण प्रीमेड म्हणवत होते आणि त्यांतल्या किती जणांनी शेवटी अर्ज केला? उत्तर देताना समोरचा किती चुळबुळतो, तेही बघून ठेवा.

रटगर्सचं सगळं गोड नाही. पहिल्या वर्षी शेकडो मुलांच्या हॉलमध्ये बसायचं. शिफारसपत्र लिहायला प्रोफेसरने तिला ओळखायला तर हवं, म्हणजे ऑफिस अवर्सना, त्यांच्या भेटीच्या वेळेत, आपणहून जाऊन बसायला हवं. लाजाळू मुलीला हे जड जातं. उलट रॉबर्ट वुड जॉन्सन हॉस्पिटल तिथेच गावात आहे. व्हॉलंटियरिंगला तास-तास गाडी चालवत जावं लागत नाही. सेमिस्टर चालू असताना ही फार मोठी गोष्ट आहे, माझ्यावर विश्वास ठेवा.

प्लेन्सबरोहून, मंगळवार

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०२५च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज नव्या विद्यार्थ्यांना १ जुलै २०२६पासून बंद. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. वरचं घरातून नाहीतर खाजगी बँकेकडून. ताई, तुमच्या दोन कॉलेजांतला फरक चार वर्षांत २,४०,००० होतो. तो आत्ताच पेढ्यांवर उडवायचा, की २०३०मध्ये हाताशी ठेवायचा?

मंडळाच्या कार्यकारिणीकडून

चर्चा उत्तम, पण १ मेला महाराष्ट्र दिनाचंही जेवण आहे. कुपनं अजून निम्मी पडून आहेत. श्रीखंडाची ऑर्डर गुरुवारी द्यायचीय.

प्रिन्स्टन जंक्शनहून, मंगळवार रात्र

केटीचं पटलं. बायॉलॉजीचं विधान मागे घेतो. नावाबद्दल माझं मत तेच आहे, पण अडीच लाख डॉलर म्हटल्यावर जरा हळू आवाजात. आणि ही पोर बाराखडीत ‘ङ’ला कायम अडायची, आता मला शिकवते आहे.

ताई, कॉलेज कुठलंही घ्या, आधी मुलीला दोन शनिवार माझ्या क्लिनिकमध्ये पाठवा. पेशंटची परवानगी मी घेईन, तिने एका कागदावर सही करायची आणि कोपऱ्यात गप्प उभं राहायचं. सकाळभर गुडघेदुखी, डायबिटीस आणि विमा कंपनीचे फोन. दुपारी तिचा चेहरा बघू.

एडिसनहून, बुधवार

सगळ्यांचे आभार. त्या खाजगी विद्यापीठात फोन करून तोच प्रश्न विचारला. बाई फार गोड बोलल्या, पण ‘पहिल्या वर्षी किती’ हा आकडा आम्ही ठेवत नाही म्हणाल्या. पत्र सगळ्यांना मिळतं का, तर ‘पात्र विद्यार्थ्यांना’. लेक शेजारी ऐकत होती, तिने वहीत ‘पात्र’वर दोनदा रेघ ओढली. उद्या रटगर्सलाही हेच विचारणार आहे, फोन तीच करणार म्हणते.

सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही.

काका, शनिवारी किती वाजता पाठवू? तिला लायसन्स मिळायचंय, रूट १ने मीच सोडेन. कुपनं चार ठेवा.