‘आधी दारातले, मग समुद्रापलीकडचे’ हे मला मान्य नाही

तंबूवाला
काल ‘उंबरठा’ यांनी इथे लिहिलं की मंडळीने, म्हणजे आपल्या चर्चच्या समुदायाने, परदेशी मिशनचा (परदेशातल्या धर्मसेवेचा) निधी बंद करावा. चर्चच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांना आपल्या पाळकांचं नावसुद्धा ठाऊक नाही आणि आपण लष्कराच्या भाकऱ्या भाजत बसलोय, असं त्यांचं म्हणणं. दोनदा वाचलं, झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये १:८ शब्बाथशाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय. शिष्यांनी कुठे कुठे साक्षीदार व्हायचं ते येशू त्यात सांगतो: यरुशलेम, यहूदीया, शोमरोन आणि पृथ्वीचा शेवट. त्यात ‘आधी’ आणि ‘मग’ कुठे आहे ते दाखवा. यरुशलेमचं काम पुरं झालं म्हणून तिथले विश्वासी बाहेर पडले नाहीत, छळ झाला म्हणून पांगले. अंत्युखियाच्या मंडळीने कुणाला पाठवलं? बर्णबा आणि शौल (हाच पुढे पौल), म्हणजे त्यांच्याकडचे सगळ्यात कसलेले शिक्षक. घरी गरज नव्हती म्हणून नाही पाठवलं.

आणि जर्मनीतलं हर्नहुट आठवा. छळाला कंटाळून मोराविया प्रांतातून पळालेल्या प्रॉटेस्टंट निर्वासितांनी १७२२ मध्ये वसवलेलं गाव. दहाच वर्षांत, १७३२ मध्ये, तिथून एक कुंभार आणि एक सुतार कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांकडे निघाले. स्वतःचा संसार नीट लागला नव्हता, तरी निघाले.

उंबरठा
सेंट थॉमसचं नाव निघालंच आहे तर सांगतो. त्या दोघांनी स्वतःला गुलाम म्हणून विकून घेतलं, ही गोष्ट प्रत्येक मिशन संडेला सांगतात. तसं झालेलं नाही. त्यांची तयारी होती, पण विकले गेले नाहीत. त्यातल्या सुताराने, नीच्मानने, तिथे सुतारकाम करून दोघांचं पोट भरलं. तुम्ही नाव घेतलंय ‘तंबूवाला’. पौलाने करिंथात तंबू शिवून पोट भरलं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? मग निधी कशाला?

आता माझं. गेल्या वर्षी आमच्या मंडळीतल्या एका विधवेच्या घरी चार महिने कुणी फिरकलं नाही. मला कळलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. त्याच चार महिन्यांत मिशन कमिटीच्या सहा बैठका झाल्या, आणि त्या सहाही बैठकांना मी हजर होतो. हा दिव्याखालचा अंधार नाही तर काय?

तंबूवाला
विकण्याची गोष्ट मी लिहिलेलीच नाही. पण खोटी आहे हे बरोबर, आणि व्यासपीठावरून ती बंद व्हायला हवी. एवढं मान्य.

पौलाचं मात्र अर्धंच सांगितलंत. फिलिप्पैच्या मंडळीने थेस्सलनीकेत त्याला एकदाच नाही, दोनदा मदत पाठवली. बायबलमधलं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र, अध्याय ४, उघडून बघा. त्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं, खरंच. पण सहा बैठकांना जाणाऱ्या माणसांपैकी एकालाही तिच्या घरी जायला कुणी अडवलं होतं का?

उंबरठा
हा वार माझ्यावर आहे हे कळलं. लागला.

खजिनदार
सहा वर्षं मंडळीची वही माझ्याकडे होती, म्हणून बोलतो. एका वर्षी याच कारणावरून, ‘आधी घरचे’ म्हणून, परदेशी मिशनची रक्कम निम्मी केली. स्थानिक सेवेला त्यातला छदाम गेला नाही. नवे ध्वनिक्षेपक आले. मी आक्षेप नोंदवला, तो इतिवृत्तात आहे. जी मंडळी लांबच्यांना देत नाही ती जवळच्यांना देते, हे मला त्या सहा वर्षांत एकदाही दिसलं नाही. दोन्ही हात एकदमच आखडतात.

परतलेली
अकरा वर्षं मिशनकामासाठी परदेशात होते. पैसा इकडे की तिकडे यावर तुम्ही भांडताय, पण तिकडे जातो तो कशावर जातो ते कुणीच विचारत नाही. आमच्याकडे दरवर्षी इथल्या मंडळीची दहा दिवसांची पथकं यायची. बारा-चौदा जणांची विमानाची तिकिटं, राहणं, एकसारखे सदरे. त्यांच्या तयारीत माझा महिना जायचा, भाषेचा अभ्यास बाजूला पडायचा.

एकदा त्यांनी मुलांसाठी तीन दिवसांचं शिबिर घेतलं. दुभाषी मी. त्याच मुलांना चार वर्षं दर रविवारी शिकवणारी तिथली शिक्षिका मागच्या बाकावर बसून होती. तिला दोन शब्द बोलायलाही कुणी बोलावलं नाही. पथक गेल्यावर एका मुलाने तिला विचारलं, “खरे शिक्षक परत कधी येणार?” तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. मीही तिला पुढे बोलावलं नव्हतं, हेही विसरता येत नाही.

नवी पालवी
ताई, मी अशाच एका पथकात होतो. एकोणीस वर्षांचा होतो. आम्ही काय सहलीला गेलो होतो का? प्रार्थना केली, घाम गाळला, आजारी पडलो. परत आल्यापासून दर महिन्याला त्या कामासाठी देतो, सात वर्षं झाली. गेलो नसतो तर दिलं असतं का? नाही. तुम्ही सगळ्यांना एकाच काठीने हाणताय.

परतलेली
बाळा, फायदा कुणाचा झाला ते तूच लिहिलंस. तुझा. तो खोटा नाही. पण मग त्याला शिष्यांचं शिक्षण म्हणा आणि शिक्षणाच्या खात्यातून खर्च करा. मिशन म्हणून त्या शिक्षिकेच्या नावावर का टाकायचा?

नवी पालवी
सात वर्षांचं देणं तिच्याच मंडळीत जातं, माझ्याकडे परत येत नाही! आम्ही तुमच्याकडे जेवायला, झोपायला आलो एवढंच तुम्हाला दिसलं. आणि पथक बोलावलं कुणी? तुम्हीच ना?

परतलेली
नाही. मंडळीने कळवलं, येतोय म्हणून. नको म्हटलं असतं तर पुढच्या वर्षीचा आधार गेला असता. हे मी आज पहिल्यांदा उघड लिहितेय.

तंबूवाला
ताई, हे वाचून थांबलो. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मी फक्त पाठवणाऱ्यांबद्दल लिहिलं. १९१० च्या एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय धर्मसेवक व्ही. एस. अझरिया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हेच सांगितलं होतं: तुम्ही त्याग केलात, दान दिलंत, आता आम्हाला मित्र द्या. आणि बोलणारा माणूस नुसतं मागणारा नव्हता. त्याआधीच, १९०३ मध्ये, तिरुनेलवेलीच्या विश्वासी लोकांना घेऊन त्यांनी स्वतःची मिशनरी संस्था काढली होती.

उंबरठा
मग पुढचंही लिहा. १९७१ मध्ये केनियातले चर्चनेते जॉन गाटू यांनी मिशनरी आणि पैसा दोन्ही काही वर्षं थांबवा असं सांगितलं. तिथल्याच मंडळीचा माणूस सांगत होता. चीनमधून १९४९ नंतर परदेशी मिशनऱ्यांना निघावं लागलं, तेव्हा प्रॉटेस्टंट विश्वासी दहा लाखांच्या आसपास होते. आज ते कोटींत आहेत. उंटावरून शेळ्या हाकणारे गेले आणि कळप वाढला.

तंबूवाला
पण १९४९ पूर्वी कुणीच गेलं नसतं तर ते दहा लाख कुठून आले असते?

उंबरठा
...बरोबर. ‘निधी बंद करा’ हे मागे घेतो. मनापासून नाही, पण घेतो. दहा दिवसांच्या पथकाला मात्र माझी सही मिळणार नाही, आणि पुढच्या बैठकीत विधवांची यादी वाचल्याशिवाय मिशनचा विषय घेऊ देणार नाही.

नवी पालवी
पथकाबद्दल तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. पण पुन्हा गेलो तर शिकवायला पुढे उभा राहणार नाही, मागच्या बाकावर बसेन.

तंबूवाला
परतलेली ताई, ती शिक्षिका अजून शिकवते का? आमच्या प्रार्थनायादीत पाठवणाऱ्या संस्थांचीच नावं आहेत. तिचं घालायचंय.

परतलेली
शिकवते. कुणाकडूनही काही मिळत नसताना. नाव इथे लिहिणार नाही, त्या देशात ते तिला महागात पडेल. तुम्हाला खासगीत पाठवते. यादीत फक्त ‘आमची बहीण’ असं लिहा.