कॅसेट आणि फोटो घरी डिजिटल करताना आधी काय हाती घ्यावे?

प्रश्न
आमच्याकडे सुमारे ३०० छापील फोटो, ११ व्हीएचएस कॅसेट आणि आजीच्या आवाजातल्या ४ ऑडिओ कॅसेट आहेत. स्कॅनर हाताशी असल्यामुळे फोटोंपासून सुरुवात करावी असे वाटते. पण एका व्हीएचएस कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरट भुकटी दिसल्यापासून मन धास्तावले आहे. फोटो किती डीपीआयवर (दर इंचाला किती ठिपके) स्कॅन करावेत, हेही कृपया सांगावे.

उत्तर १
कॅसेट आधी घ्याव्यात. कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवलेला फोटो आणखी काही वर्षे तग धरेल. फीत मात्र झिजत जाते, आणि ती शाबूत राहिली तरी ती वाजवणारे यंत्र मिळणे अवघड झाले आहे, कारण फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवल्यापासून नवे व्हीसीआर बनत नाहीत. ती भुकटी बहुधा बुरशी असावी. ती कॅसेट यंत्रात मुळीच घालू नका; बुरशी हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. उरलेल्या कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी आधी तोडावी, म्हणजे चुकूनही त्यांवर नवे रेकॉर्डिंग होणार नाही.

उत्तर २
फोटोंना ६०० डीपीआय पुरे. ४ बाय ६ इंचांच्या फोटोचे त्यातून २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. मूळ प्रत टिफमध्ये (दर्जा कमी न करणारे फाइल स्वरूप) ठेवावी आणि नातेवाइकांना पाठवायला जेपेग (आकाराने लहान फाइल) काढावी. फोटोची मागची बाजूही अवश्य स्कॅन करा. माझ्या काकांनी निळ्या शाईत मागे लिहिलेल्या दोन ओळींमुळेच आम्हाला एका फोटोतली माणसे ओळखता आली. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करावा.

उत्तर ३
ऑडिओ कॅसेटचा आवाज दबका येत असेल तर फीत गेली असे लगेच समजू नये. वडिलांची कॅसेट वाजवताना मलाही तसेच वाटले होते. हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू केसभर फिरवताच ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ उमटले. रेकॉर्डिंग वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे. खरखर काढायची झाल्यास ती नंतर, वेगळ्या प्रतीवर काढावी.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. ती व्हीएचएस कॅसेट पिशवीत घालून वेगळी ठेवली आहे. आजीच्या एका कॅसेटमधली फीत दाबून धरणारी स्पंजची गादी मात्र निखळली आहे, काय करावे?

उत्तर ३
स्क्रूने जोडलेली एखादी नको असलेली कॅसेट उघडून, दोन्ही चकत्या फितीसकट तिच्या कवचात बसवा. फितीला बोट लावू नका, आणि उघडण्यापूर्वी फितीचा मार्ग दिसेल असा फोटो काढून ठेवा.