फॉर्मची व्हॅल्यू ‘रिक्वेस्ट’मधून उचलायची का?

तर्कट: वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेबद्दल नवशिक्यांसाठीचा एक लेख वाचला. ‘पीएचपीत गेट-पोस्टच्या भानगडीत पडू नका, सरळ रिक्वेस्ट अ‍ॅरे वापरा.’ डोकंच सणकलं. गेट म्हणजे यूआरएलमधून आलेलं, पोस्ट म्हणजे फॉर्मने पाठवलेलं; रिक्वेस्टमध्ये दोन्हीकडचं एकत्र कालवलेलं असतं. सर्व्हरवर रिक्वेस्ट-ऑर्डर ही सेटिंग कोरी असेल तर कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये साठवलेली माहितीसुद्धा! फॉर्ममध्ये ‘आयडी’ आणि कुकीचं नावही ‘आयडी’, की कुकी जिंकते. मग बसा शोधत. रजिस्टर-ग्लोबल्स हे पीएचपीचं जुनं सेटिंग २००२ साली आवृत्ती ४.२ मध्ये डिफॉल्ट बंद झालं, ५.४ मध्ये काढूनच टाकलं. तरी सवयी त्याच.

जुनं खोड: रजिस्टर-ग्लोबल्सशी तुलना साफ चुकीची. तिथे बाहेरची व्हॅल्यू थेट व्हेरिएबल बनायची. आणि पोस्ट म्हणजे सुरक्षित हे कुणी सांगितलं? कर्लसारख्या कमांडने कुणीही फॉर्मशिवाय पोस्ट पाठवतो. माझ्या सर्च पानावर फिल्टर कधी लिंकमधून येतो, कधी फॉर्ममधून. दोनदा का लिहू?

सह्यकडा: तुमचं चालू द्या, खरी रड वेगळी आहे. आमच्याकडच्या एका पतसंस्थेच्या फॉर्ममध्ये काकांनी फोनच्या मराठी कीबोर्डवरून ‘१५०००’ भरले. कोडमध्ये इंट कास्ट, म्हणजे मजकुराचा थेट पूर्णांक करणं. पीएचपी त्याचं शून्य करतं, एररसुद्धा देत नाही. पावती निघाली शून्य रुपयांची!

तर्कट: विषय काय, बोलताय काय? इनपुटला टाइप नंबर लावा.

सह्यकडा: तो ब्राउझरमध्ये. सर्व्हरवर काय? पायथनचा इंट हेच अंक सरळ पंधरा हजार वाचतो. पीएचपीत एसटीआरटीआर या अक्षरं बदलणाऱ्या फंक्शनने दहा मराठी अंक इंग्रजीत बदलायला एक ओळ लागते. मराठी माणसांसाठी फॉर्म करणाऱ्यांना तेवढंही सुचत नाही, याचा संताप येतो.

अनुस्वार: अहो, मुळात कास्ट केलंच का? फिल्टर-व्हॅलिडेट-इंट या पूर्णांकाच्या तपासणीने फॉल्स (‘नाही’) दिलं असतं, चूक तिथेच पकडली असती.

सह्यकडा: कुणाची चूक? काकांनी रक्कम बरोबर लिहिली होती! त्यांना ‘अवैध रक्कम’ दाखवणार?

अनुस्वार: बरं, आधी अंक बदला, मग तपासा. पण तपासा! आणि व्हॅल्यू रिकामी आहे का हे पाहायला एम्प्टी वापरणाऱ्यांनीही ऐका, ते फॉर्ममधून आलेलं शून्य रिकामं धरतं. थकबाकी शून्य भरणारा ‘रक्कम भरा’ वाचत बसतो.

जुनं खोड: अंकांचं पटलं, माझ्या फंक्शनमध्ये टाकतो. रिक्वेस्ट मात्र सोडणार नाही.

तर्कट: सर्चपुरतं ठेवा, तिथे वाद घालत नाही. पण रेकॉर्ड उडवणाऱ्या पानावर रिक्वेस्ट असेल, तर मेलमधल्या साध्या लिंकवर क्लिक करूनही ते उडेल. तिथे पोस्टच हवं, शिवाय टोकन, म्हणजे विनंती आपल्याच फॉर्ममधून आली हे पटवणारा गुप्त कोड.

जुनं खोड: टोकन मी लावतोच. तेवढं शिकवू नका.